तपन उतरेपर्यंतच्या सहली

बँकेत बढती मिळाली की तिच्याबरोबर बदलीही येते. बढती ज्याची त्याला, बदली मात्र सगळ्या घराला. आमच्या वाट्याला भंडारा आलं. बडोद्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर यांनी मोबाइलवर नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि निळे ठिपके दाखवत म्हणाले, "बघ, तलावांचा जिल्हा आहे. मुलांना काय काय दाखवता येईल!" बदलीच्या हुकमात तलावांबद्दल एक शब्द नव्हता. ते यांनी पदरचे घातले होते.

आम्ही एप्रिलात आलो. शहाणा माणूस भंडाऱ्याला पावसाळ्यात येतो, हिरवीगार धानाची शेतं बघून हुरळून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पस्तावतो. आम्ही पस्तावा आधी उरकून घेतला. सामानाचा ट्रक रिकामा होईपर्यंत माझ्या स्टीलच्या डब्यांना हात लावता येईना. घरमालक जिन्यात उभे राहून कौतुकाने म्हणाले, "आता कुठं सुरुवात हाय मॅडम. मे महिना पाहा."

धाकटा सहा वर्षांचा. त्याला सगळंच भारी वाटतं. ट्रक भारी, जिना भारी, जिन्यातली पाल तर फारच भारी. मोठी तेरा वर्षांची, आणि तिला काहीच भारी वाटत नव्हतं. पहिल्या आठवड्यातच तिने जाहीर केलं की ती इथे राहणार नाही. बडोद्याला तिची आत्या आहे, आत्याच्या घरापासून जुनी शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, आत्याला मूलबाळ नाही आणि भाचीवर जीव आहे. आत्याने फोनवर लगेच सांगून टाकलं, "पाठव तिला, दहावीपर्यंत मी बघते." माणसं संकटात मदतीला धावून येतात ती अशी. ज्या मदतीने आपला जीव जाईल तीच नेमकी घेऊन.

मग यांनी एक तोडगा काढला. अतिशय लोकशाही पद्धतीने, म्हणजे मला न विचारता. मुलीने मे संपेपर्यंत इथे राहून बघायचं आणि मग काय ते सांगायचं. तिकडची शाळा इकडच्यापेक्षा आधी उघडते. जायचं ठरलं तर आत्या स्वतः येऊन तिला घेऊन जाईल. "निर्णय तिचा," हे म्हणाले. मीही मान डोलावली. मनातून मात्र मला ती जायला नको होती. रोज रात्री जी मुलगी अंथरुणात माझ्या पाठीला पाठ लावून पुस्तक वाचते ती व्हिडिओ कॉलवर दिसणार, "जेवलीस का" एवढंच आपण विचारणार, हे माझ्याच्याने मनातसुद्धा आणवत नव्हतं. पण निर्णय तिचा होता ना. म्हणून मी तिला काही बोलले नाही. मी उन्हाला बोलले, वारंवार जाणाऱ्या लाइटला बोलले, कोथिंबिरीला सांभार म्हणणाऱ्या भाजीवाल्याला बोलले.

आणि हे दर रविवारी सहल काढायला लागले. मुलीला जिल्हा आवडावा म्हणून. घर विकायला काढलं की गिऱ्हाइकाला आधी गच्ची दाखवतात, तसं.

पहिली सहल गोसीखुर्दच्या धरणाची. घरमालकांनी आदल्या संध्याकाळी बजावलं होतं, "साहेब, फिरायचं असन त पहाटे निंगा. नवाच्या आत घरात." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. बडोद्यालाही ऊन असतंच की. आम्ही काय महाबळेश्वरहून आलो होतो? बडोद्यात सहल जशी निघते तशीच ही निघाली. सकाळी सावकाश आंघोळी, भरपेट नाश्ता, मग डबे. थेपले, छुंदा, बटाट्याची सुकी भाजी, सतरंजी, बॅडमिंटनच्या रॅकेट. होय, रॅकेट. आम्ही भर मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात धरणाच्या काठावर बॅडमिंटन खेळायला निघालो होतो, आणि गाडी सुरू झाली तेव्हा दहा वाजून गेले होते.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "बघ, ट्रॅफिक अजिबात नाही," हे खूश होऊन म्हणाले. ट्रॅफिक का नाही, याचा विचार करायला बँकेत शिकवत नसावेत. अड्याळ मागे पडेपर्यंत गाडीतला एसी गार हवा देत होता. पुढे तो कोमट झाला आणि मग सरळ बाहेरचीच हवा आत ढकलू लागला. थोड्याच वेळात समोरचा काटा लाल रेघेकडे सरकला. कोंढ्याच्या आसपास एका कडुनिंबाखाली यांनी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं. बॉनेट उघडून त्यात बघत राहणं हा पुरुषांचा आवडता उपचार आहे. त्याने गाडी बरी होत नाही, पण बघणाऱ्याला बरं वाटतं.

समोरच्या घराचं दार उघडलं. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या, साठीच्या आसपासच्या एक बाई तरातरा आल्या. आधी त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडीकडे तर पाहिलंच नाही.

"अवो बाई, लेकरं घेऊन या तपनीत कायले निंगाल्या?"

"धरण बघायला," मी म्हटलं.

"धरन कुठं पळून चाललं का जी? चला घरात आंधी."

हे म्हणाले, गाडी जरा थंड झाली की निघतोच. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बँकेचा अधिकारी बॉनेट बंद करून मुकाट्याने त्यांच्या मागे चालू लागला. आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो आणि पुढे कोंढ्याच्या काकू हेच त्यांचं नाव पडलं. घर शेतकऱ्याचं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लावलेला कूलर यांच्यापेक्षा उंच होता. तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर शेतातून हाक मारल्यासारखं ओरडावं लागे. काकूंचे यजमान, त्यांचा मुलगा, सून, नातू, सगळे त्या कूलरपुढे चटया टाकून आडवे झालेले. आम्हाला बघून कोणी उठलं नाही. सगळे जरा जरा सरकले. आमच्यासाठी चार चटयांची जागा झाली.

आधी गूळ-पाणी आलं, मग कैरीचं पन्हं. मग जेवण आलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंब्याचं लोणचं. मी लाजेखातर आमचे थेपले पुढे केले. काकूंनी एक तुकडा मोडला, चावला, विचार केला आणि मला प्रेमाने विचारलं, "पराठा वाळून गेला का जी?" गुजरातच्या एका अख्ख्या संस्कृतीचा निकाल लागला. जेवण झाल्यावर हे म्हणाले, "बराय मग, निघतो." त्यावर खोलीतले सगळेजण, झोपलेलेसुद्धा, एका सुरात म्हणाले, "तपन उतरू द्या."

तपन म्हणजे ऊन. नुसतं ऊन नाही, इथलं ऊन. आणि ते उतरेपर्यंत दारात आलेल्या माणसाला जाऊ द्यायचं नाही, हा इथला कायदा आहे. ओळख असो नसो, जात-गाव विचारून झालेलं असो वा नसो. पाहुण्याने निघतो म्हणायचं, यजमानाने तपन उतरू द्या म्हणायचं, आणि पाहुण्याने परत आडवं व्हायचं. आम्ही परत आडवे झालो. थोड्या वेळात हे अनोळखी माणसाच्या घरात तोंड उघडं टाकून घोरू लागले. धाकटा काकूंच्या नातवाच्या पोटावर पाय टाकून झोपला. मी छताची लाकडं बघत पडले होते. मुलगी पालथी पडून काकूंच्या सुनेशी काहीतरी बोलत होती, पण कूलरपुढे एक शब्द ऐकू आला नाही.

पाच वाजता आम्हाला सोडलं. तोवर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली, पण तिला आणखी पुढे धरणापर्यंत न्यायची यांची हिंमत उरली नव्हती. परत येताना मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धरण छान होतं." मला हसूही आलं आणि रडूही. असं बोलणं तिने बापाकडून घेतलेलं नाही.

दुसरी सहल तुमसरकडची. या वेळी पहाटे चारला निघायचं असं ठरलं. चारला घरमालकांच्या मुलीने दार ठोठावलं. ती आमच्या मोठीच्या वयाची. संध्याकाळी दोघी गच्चीवर जाऊन वरच्या आणि खालच्या कूलरमध्ये बादलीने पाणी भरायच्या, एवढं मला ठाऊक होतं. तिने दार वाजवलं तेव्हा आमची मुलगी आवरून पायरीवर बसलेली होती. आम्ही बाकीचे तिघे झोपलेलो होतो. मग धाकट्याचा एक बूट सापडेना, यांना चहाशिवाय गाडी चालवता येईना, आणि मला डबा केल्याशिवाय घराबाहेर पडता येईना. थेपल्यांचा अपमान माझ्या मनात होता. मी इडल्या केल्या. इडलीला कोणी वाळलेली म्हणणार नाही असं वाटलं. निघालो तेव्हा सूर्य गच्चीवर येऊन बसला होता.

तुमसरच्या पुढे चांदपूरचा तलाव आहे. तो आम्ही पाहिला, हे मी अभिमानाने नोंदवते. टेकड्यांच्या कुशीत एवढं मोठं पाणी बघून धाकटा "समुद्र!" असं ओरडला. मोठी तलावाच्या पाळीवर उभी होती आणि वाऱ्याने तिचे केस उडत होते. ती हसली नाही, पण हसण्याच्या अगदी जवळ आली, मी बघितलं. तेवढ्यात माझ्या पायाखालचा दगड तापला आणि मी म्हटलं, "चला, तळून निघायच्या आत." तिचा चेहरा परत होता तसा झाला.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, तुमसरला आपल्या शाखेतले एक सहकारी राहतात, एक मिनिट डोकावू. एक मिनिट! दहा वाजून गेले होते. तांदळाच्या गिरणीजवळ घर होतं, हवेत कोंड्याचा वास. सहकारी दारातच उभे, त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि आत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, त्यांची आई. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, खाली ताजी पांढरी फुलं. स्वयंपाकघरातून मसाला भाजल्याचा वास येत होता, त्यावरून मला कळलं की एक मिनिटाची ही भेट यांनी कालच फोनवर ठरवलेली होती.

"माहेर कोनतं तुमचं?" सहकाऱ्यांच्या आईने मला विचारलं.

"जळगाव."

"म्हंजे मूळच्या बडोद्याच्या नाही तुमी. मंग काय, सवय असन गाव बदलाची."

मी म्हटलं, सवय कसली, शिक्षा. त्या हसल्या. मी गंमत केली असं त्यांना वाटलं.

बेसनाच्या डुबुकवड्यांचा रस्सा समोर आला. लाल तर्री वरपर्यंत तरंगत होती. मी एक घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं ग्लास सोडला नाही. यांच्या कपाळावरून घाम टपटप पानात पडत होता आणि हे "वा, वा" म्हणत होते. मुलगी मात्र शांतपणे जेवली आणि आणखी एक वाटी मागून घेतली. शिक्षिका बाई तिला शाळेतल्या गमती सांगत होत्या. मुलीने दोन-तीन प्रश्नही विचारले. इडल्या डब्यातून बाहेर आल्याच नाहीत. जेवण झालं, चटया पडल्या, कूलर सुरू झाला. कोणी काय म्हटलं ते आता सांगायची गरज नाही.

संध्याकाळी गाडीत बसल्याबरोबर मी तोंड उघडलं. "आपण या राज्यात दिवाणखान्यांचा अभ्यास करायला आलोय का? दोन सहली झाल्या. एका घरातलं लाकडी छत पाहिलं, एका घरातलं सिमेंटचं. पुढच्या रविवारी पत्र्याचं बघू."

हे हसले. हे हसतात म्हणून धाकटाही हसला. मुलगी म्हणाली, "आई, तुला इथलं काहीच आवडत नाही ना?"

"आवडतं की. पाच वाजता निघायला फार आवडतं."

 भंडारा येईपर्यंत ती काचेला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग मे संपत आला. आत्याचा फोन आला की तिने रिझर्वेशन केलंय, पुढच्या आठवड्यात पोचते, मुलीचं जायचं नक्की झालं तर दोघींचं परतीचंही करून ठेवते. मुलीने अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पण तिने जुन्या शाळेचे युनिफॉर्म काढून घातले, अंगाला होतात का बघितले आणि घडी करून खुर्चीवर ठेवले. ती खुर्ची माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून सरळ दिसते. मी तिकडे पाठ करून पोळ्या लाटायला लागले. पोळ्या वाकड्या व्हायला लागल्या. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, इथल्या गव्हाला चिकटपणा नाही.

अशात कोंढ्याच्या काकूंचा फोन आला. पहिल्या दिवशी यांनी त्यांना नंबर दिला होता, बँकेत काही काम पडलं तर म्हणून. काकूंना बँकेचं काही काम नव्हतं. "मी माहेरी आली हावो जी, एकोडीले. गावरान आंबे पिकले. रविवारी रसाले या. लेकरं आना." नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही, फोन ठेवून दिला. हा शेवटचा रविवार होता. यानंतर मुलीला तिचं काय ते सांगायचं होतं.

त्या दिवशी आम्ही खरोखर अंधारात निघालो. मी डबा केला नाही. यावरून माझी काय अवस्था होती ते समजावं. साकोली तालुक्यात शिरलो तेव्हा उजाडत होतं, उन्हाळी धानाच्या कापलेल्या खाचरांत बगळे बसले होते. एकोडीच्या तलावाचं पाणी उन्हाने मागे हटलं होतं, काठाला चिखलच चिखल. धाकट्याने त्यात लोळून घेतलं. मुलगीही चपला काढून घोट्यापर्यंत उतरली. मी काठावर उभी राहून नेहमीप्रमाणे काहीतरी बोलणार होते, पण शब्दच सुचेनात. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले, डोळ्यांत साठवून घ्यावं तशी. हे म्हणाले, "बरी आहेस ना? गप्प का?"

काकू माहेरी होत्या म्हणजे तिथे राज्य त्यांचंच. भाऊ आणि भावजय त्यांच्या हुकमाने इकडून तिकडे धावत होते. ओसरीवर रसासाठी गंज, म्हणजे मोठं पातेलं, मांडलं होतं, आंब्यांची रास पाण्यात पडलेली. बायका गोल बसून आंबे पिळत होत्या. माझी मुलगी त्यांच्यात जाऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कोपरापर्यंत पिवळी होऊन ती कोयी पिळत होती आणि काकू तिला "अशी नोको, अशी दाब" म्हणत होत्या. रस आणि शेवया आम्ही इतक्या खाल्ल्या की उठवेना. मग चटया पडल्या. कूलर इथे लहान होता, आवाज कमी होता. हे भिंतीकडे तोंड करून झोपले, धाकटा मध्ये. मी डोळे मिटून पडले. झोप येणं शक्यच नव्हतं.

माझ्या डोक्याशी काकू आणि मुलगी बसल्या होत्या.

"चालली म्हन्ते तू बडोद्याले?" काकूंनी विचारलं.

"हाव."

"काहून? इकडं नाही आवडत तुले?"

"मले आवडते," माझी मुलगी म्हणाली. "आईले नाही आवडत."

मी डोळे उघडले नाहीत. माझी मुलगी "मले" म्हणत होती. सहज, जन्मापासून म्हणत आल्यासारखी. गच्चीवर कूलरमध्ये नुसतं पाणी भरलं जात नव्हतं तर. पण त्या शब्दाचं नवल करायला मला वेळ नव्हता, कारण ती पुढे बोलतच होती.

"आई दिवसभर कुरकुर करून राहते. तिले इथं करमतच नाही. मी बडोद्याले राहिली त तिले यायले भेटन ना. दर महिन्याले यावंच लागन. मंग तिले बरं वाटन."

"आन् तुले? तुले आईबिगर करमन?"

 कूलर खडखडत राहिला.  ही पोर माझ्यासाठी जायला निघाली होती. महिनाभर मी जिल्ह्याला नावं ठेवत होते आणि ती ती नावं गोळा करून, घडी करून, खुर्चीवर ठेवत होती.

"मंग आईलेच इचार ना, तिले काय पायजे त," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्याला हलवलं. "उठा वो बाई. जागीच हाय ते. झोपलेल्या मान्साच्या पापण्या अशा फडफड करते का?"

मी उठून बसले. मुलगी पांढरी पडली.

"तू ऐकत होतीस?"

"विचार," मी म्हटलं. "काय विचारायचं ते विचार."

तिने खाली बघत, आमच्या नेहमीच्या मराठीत विचारलं, "तुला आवडतं का इथे?"

"नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. खोटं बोलले असते तर तिने ओळखलंच असतं. "पण मला बडोदाही आवडत नव्हतं," मी म्हटलं.

"काहीतरीच. तू सारखी म्हणतेस, बडोद्याला असं होतं, बडोद्याला तसं होतं."

भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या यांनी पाठ न फिरवता सांगितलं, "चौदा वर्षं कुरकुरली. वरणात साखर घालतात म्हणून, पतंगांच्या मांज्यावरून, गरब्याच्या स्पीकरवरून. तेव्हा जळगाव फार चांगलं होतं. जळगावात असताना तिला केळी आवडत नव्हती."

सहलींमध्ये हा माणूस नेमका केव्हा झोपतो आणि केव्हा नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

"आत्याला विचार," मी मुलीला म्हटलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा तिला वाटलं होतं, ही दिवाळीच्या आत माहेरी पळणार. अगं, जिथे राहायचं ठरवलेलं असतं त्या गावाला मी नावं ठेवते. जिथे राहायचंच नाही तिथल्या उन्हाशी मला काय करायचंय? आणि तू गेलीस तर मी कुरकुर कोणाजवळ करायची? तुझ्या बाबांना सगळं चालतं. धाकट्याला सगळं भारी वाटतं. मला दर महिन्याला बडोद्याला यायचं नाहीये. मला तू रोज हवी आहेस. इथे. या असल्या भट्टीत."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"निर्णय तुझा होता. तुझ्यावर दबाव नको म्हणून."

"मग टाक ना दबाव!" ती इतक्या जोरात ओरडली की धाकटा दचकून उठला. "सगळे नुसते निर्णय तुझा, निर्णय तुझा म्हणतात. कोणीच म्हणत नाही की जाऊ नको!"

"जाऊ नको," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी रडलो, परक्या घरात, कोयींच्या वासात, सगळ्यांच्या देखत. काकूंनी कोणाला पाणी आणायलासुद्धा उठू दिलं नाही. मुलीने पिवळ्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे डोळे आणखी चुरचुरायला लागले. हे उठून बसले होते आणि कोणाकडे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. तिने त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला आणि आत्याचा नंबर लावला.

"आत्या, रिझर्वेशन रद्द कर," ती हुंदके देत म्हणाली. "मी नाही येत. आई दबाव टाकून राहिली."